आईच्या मयताचा साबण

दोमेआब्रा, ४ ऑगस्ट १९९६

अंपोफो दादा,

नमस्कार वगैरे काही लिहीत नाही, मनात नसताना कशाला? अग्येई ड्रायव्हरने काल तुझी चिठ्ठी, पोस्टरचा नमुना आणि ती पिशवी आणून दिली. पिशवीचं तोंड सोडलं मात्र, मला शिसारी आली.

तू लिहितोस, "आचिया, आईच्या मयताला लांबलांबून माणसं येणार आहेत. जाताना प्रत्येकाच्या हातात तुझ्या हातचा साबण पडू दे. तीनशे गोळे कर, पांढरेशुभ्र. रंगासाठी पावडर पाठवतो आहे, ती घाल." अरे, ही भिंतीला लावायची पावडर आहे! पिशवीवरचं नाव तू खरवडून काढलंस, पण वास कसा खरवडशील? तुझ्या नव्या मजल्याच्या कामातून उरली असणार. आईला पोचवायला आलेल्या माणसांच्या अंगाला मी भिंतीचा रंग फासू? शी! जन्मभर साबण रटरटवणाऱ्या बाईच्या पोटचा तू, आणि साबणाला रंग कशाने येतो हे तुला ठाऊक नसावं!

ठाऊक नाही असंही नाही. लहानपणी तूच हट्ट धरला होतास, लाल साबण कर म्हणून. आईने अंबाडीची सुकवलेली फुलं उकळली. तो लालबुंद रस चाखून तुझे दात रंगले होते. आणि तोच रस कढईत ओतला, तर बघता बघता सगळा शेणकाला झाला. तू अंगणात लोळून भोकाड पसरलंस. आई हसत म्हणाली, "राखेच्या पाण्यात फुलाचा रंग टिकत नाही रे राजा, मातीचा टिकतो." मग तिने ओढ्याकाठची लाल माती आणली, कुटली, वस्त्रगाळ केली, आणि दुसऱ्या दिवशी तुला लाल साबण मिळाला. आठवतं का? नसेलच आठवत. तेमाच्या बंदरावर मोठा माणूस झालास तू.

पण पावडर गेली खड्ड्यात. मला किळस आली ती पांढऱ्याची. आणि त्या पोस्टरची.

"मादाम अकुआ दुफी. वय ८२ वर्षे. एका कृतार्थ आयुष्याचा आनंदसोहळा." ब्याऐंशी? दादा, एकोणचाळीस साली अक्राला भूकंप होऊन घरं पडली, त्याच्या पुढच्या वर्षी आई जन्मली. आजी शंभरदा सांगायची. म्हणजे यंदा तिला नीट सत्तावन्नही पुरी झाली नसतील. न्यार्को मावशी आईहून चांगली तीन वर्षांनी मोठी. ती काल डोक्यावर कोकोच्या शेंगांची टोपली घेऊन रानातून येत होती. मी पोस्टर वाचून दाखवलं तर टोपलीसकट उभीच राहिली. म्हणाली, "दुफी ब्याऐंशीची? मग मी किती गं? मी कधी मेले ते मला कोणी सांगितलं कसं नाही?" आवारातल्या बायका हसल्या. मला हसू आलं नाही.

तेमाला राहून विसरला असशील तर पुन्हा सांगते. सत्तरी ओलांडून, पतवंडांना मांडीवर खेळवून जे माणूस जातं, त्याच्या मयताला पांढरं नेसतात, गातात, नाचतात. कारण तिथे रडण्यासारखं काही नसतं. आणि ज्याची वेळ झाली नव्हती त्याच्यासाठी लाल आणि काळं. दंडाला लाल माती. पांढरी माती आपल्यात कोण लावतं? बाळंतीण लावते. आणि राजाच्या दरबारात खटला जिंकून निर्दोष सुटलेला माणूस हातांना फासून गावभर मिरवतो. तुला कुठला खटला जिंकायचा आहे रे?

बोआतेंग मामाला मी हे विचारलं. कुळाचा प्रमुख आहे, काहीतरी बोलेल वाटलं. मामा दातकोरण्याने दात कोरत म्हणाला, "आचिया, लाल रंग दिसला की लोक विचारतात, कशाने गेली, कुणामुळे गेली. पांढरा दिसला की विचारतात, जेवण कधी आहे. मला दुसरा प्रश्न बरा." एवढं बोलून तो मंडपवाल्याशी भाव करायला गेला.

म्हणून स्पष्ट लिहिते. साबण मी करीन. आईच्याच कढईत करीन. पण तो लाल होईल. पोस्टरवरचं वय बदल, नाहीतर साबण दुसरीकडून आण.

आचिया


दोमेआब्रा, २० ऑगस्ट १९९६

दादा,

तुझं उत्तर आलं. "गावंढळपणा सोड," म्हणतोस. "बंदरावरचे साहेब येणार, चर्चचे पाद्री येणार, त्यांच्यासमोर मला खाली मान घालायला लावू नकोस," म्हणतोस. तुझ्या मानेची एवढी काळजी असेल तर मे महिन्यात मी तुझ्या घरी पाहिलं तेही ऐक. तू घरी नव्हतास. तू मुद्दामच नव्हतास.

मी बंगल्याच्या पुढच्या दाराशी गेले. पहारेकरी म्हणाला, "म्हातारी मागे आहे." मागे म्हणजे कुठे, तर गॅरेजमध्ये! गाडी बाहेर उन्हात, वर ताडपत्री घालून. आणि आत सिमेंटवर चटई टाकून आपली आई. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, टाचेपासून वर चिघळलेला. दारात फवारा मारायची बाटली ठेवलेली, गुलाबाच्या वासाची. त्या गुलाबात तो जखमेचा वास मिसळला होता, आणि देवाशपथ सांगते, नुसत्या जखमेचा वास मला चालला असता. त्या गुलाबाने मला उलटी झाली.

मी जवळ जायला लागले तर आई म्हणाली, "तिथेच बस गं, लांब. वास येतो." पोटच्या पोरीला म्हणाली! जन्मभर दुसऱ्यांना स्वच्छ करणारी बाई, माफी मागत होती. ही सवय तिला कोणी लावली? मी तिला गावी घेऊन येते म्हटलं, तर म्हणे, "अंपोफो डॉक्टरकडे नेणार आहे. त्याला सवड झाली की. आता गेले तर त्याला वाईट वाटेल." आणि तुझी ती बायको, ग्लॅडिस, ती गॅरेजच्या दारात उभी होती, नाकाला रुमाल लावून! रुमाल! तिची पोरं आईने पाठीला बांधून वाढवली, तीन महिन्यांसाठी म्हणून नेऊन सहा वर्षं राबवून घेतली, आणि हिला वास येतो. त्या दिवशी तिच्या तोंडावर थुंकले नाही याचा मला आजही पस्तावा होतो.

मी परत आले आणि आईचा काळा साबण अग्येईकडून पाठवला. तिने मागितला होता. त्यानंतर थेट ती गेल्याचाच निरोप आला.

आणि आता? आता मयताच्या दिवसापर्यंत तिला शवागाराच्या गार खोलीत ठेवलं आहेस. गार गाडीतून आणणार आहेस. जिवंत होती तेव्हा त्या गॅरेजात साधा पंखा नव्हता, दादा. मेल्यावर तिला गारवा मिळाला. वाजंत्री सांगितली म्हणे कुमासीहून, पांढऱ्या बुटांची. मला तुझ्या त्या बुटांचीही किळस येते.

तुझी पावडर मी वाया घालवली नाही हो. एका मडक्यात थोडा साबण करून पाहिला, तुला खोटं वाटायला नको म्हणून. तो वळेचना, फाटला, वर पाणी तरंगलं. हात धुतले तर कातडी पांढरी पडून खाजायला लागली. तो सगळा नासका प्रकार मी मोरीच्या तोंडाशी ओतला, तर बदकंसुद्धा तिकडून जाईनात.

लालच करणार. दुसऱ्यांदा सांगते आहे.

आचिया


दोमेआब्रा, ८ सप्टेंबर १९९६

अंपोफो,

"दादा" लिहिलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

तुझी बायको पोस्टरांचे गठ्ठे आणि अत्तराची बाटली घेऊन गुरुवारी इथे आली. तू पाठवलीस, मला वळवायला. मी कढईवर होते. पाहुण्यांना देतात तो स्टूल मी दिला नाही, धुराच्या तोंडाशी बुटका पाट होता तो दिला. डोळे चुरचुरू देत म्हटलं.

ती त्यावर बसली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण जागची हलली नाही. मी म्हटलं, "रुमाल नाही आणला आज?"

ती म्हणाली, "आणलाय वन्सं."

"मग लावा की नाकाला. इथे तर साबण शिजतोय, तेवढी घाण नाही, पण लावा. सवयीचा आहे."

ती उठली, पदर खोचला, आणि माझ्या हातातला ढवळायचा दांडा घेतला. मी सोडेना, तर म्हणाली, "द्या हो, दमलात तुम्ही." आणि काय सांगू, तिने दांडा धरला तो नीट धरला, तळापासून वर, एकाच दिशेने. हे शहरातल्या बाईला कुठून येणार? मी विचारलं. म्हणाली, "आईंनी शिकवलं. गॅरेजमध्ये, पडल्या पडल्या. रिकाम्या बादलीत झाडूचा दांडा फिरवायला लावायच्या. म्हणायच्या, मी गेल्यावर आचिया एकटी पडेल, तिला हाताखाली कोणी हवं."

मी खालीच बसले, अंपोफो. चुलीपुढे, जमिनीवर.

मग तिने भिंतीच्या फळीवरचा काळा गोळा उचलला, हुंगला. "हाच. तुम्ही पाठवलेला. मी रोज सकाळी यानेच पाय धुवायचे त्यांचा. एक दिवस ह्यांनी पाहिला. म्हणाले, हा काळा गोळा पाहुण्यांच्या नजरेला पडला तर काय वाटेल, फेकून दे. मी पिठाच्या डब्यात लपवला." रुमालाचं विचारलं तेव्हा तिला आधी कळेचना. मग म्हणाली, "तो होय! तुम्ही आलात तेव्हा मी रडत होते. सकाळी जखम धुताना हाड दिसलं होतं. तुमच्यासमोर रडले असते तर तुम्हाला सगळं कळलं असतं, आणि ह्यांनी बजावलं होतं, गावाकडे काही कळता कामा नये."

चार महिने मी या बाईला शिव्या घातल्या. रोज, ढवळता ढवळता. आणि तू त्या घालू दिल्यास! तुझ्या पत्रांत लिहायचास ना, "ग्लॅडिसला सगळं जमत नाही, तिला किळस येते, मी काय करू?" किळस तुला येत होती. ईस्टरपासून आई जाईपर्यंत तू एकदाही गॅरेजचा उंबरा ओलांडला नाहीस. खिडकीतून बोलायचास. खिडकीतून, नाक धरून! आणि चर्चची मंडळी आली की दाराला बाहेरून कडी.

पण एवढंही मी गिळलं असतं. पुढचं गिळवत नाही. वहिनीने सांगितलं, डॉक्टर घरी आला होता. म्हणाला, साखर चढली आहे, पाय गुडघ्याखाली कापावा लागेल, आत्ताच नेलं तर बाई जगेल. आणि तू काय विचारलंस? "या वयात?" डॉक्टरने वय विचारलं. तू म्हणालास, अठ्ठ्याहत्तर. तो म्हणाला, मग घरच्यांनी काय ते ठरवावं. तू ठरवलंस.

तेव्हा अठ्ठ्याहत्तर, पोस्टरवर ब्याऐंशी. मेल्यावरही तू तिला म्हातारी करतोच आहेस. मी मूर्ख, मला वाटत होतं तू मोठेपणासाठी वय वाढवलंस. कुठला खटला जिंकायचा आहे असं मी उगाच चिडून लिहिलं होतं. आता कळलं. पांढरं नेसलेले तीनशे लोक आणि हातात पांढरा साबण, म्हणजे तू सुटलास. सगळ्या गावाच्या साक्षीने सुटलास.

मला तुझ्या अक्षराचीसुद्धा घाण वाटते. पत्र हाताळलं की हात धुते.

वहिनी जाताना रडली. म्हणाली, "वन्सं, मला तरी लाल द्या. कोणाला दाखवणार नाही." तिला स्टूल दिला नाही याची मात्र मला फार लाज वाटली. जेवायला ठेवून घेतलं, उकडलेल्या कंदांचा फुफू मीच कांडला.

आचिया


दोमेआब्रा, २६ सप्टेंबर १९९६

अंपोफो,

जिंकलास. पांढरा साबण करते आहे.

मामा काल चार वडीलधाऱ्यांना घेऊन आला. म्हणाला, "आचिया, तू नाही म्हणालीस तर आम्ही कुमासीच्या बाजारातून पेटीबंद साबण आणू, त्यावर दुफीचा फोटो चिकटवू. मग तुझ्या आईच्या मयताला तिच्या कढईतला साबण नसेल. विचार कर." मी म्हटलं, "मामा, तुमची सख्खी धाकटी बहीण आहे ती. तुम्ही स्वतः किती वर्षांचे?" तर म्हणाला, "एकसष्ट. पण मी पुरुषमाणूस आहे." याचा त्याच्या वयाशी काय संबंध ते त्यालाच माहीत. त्या दिवशी मंडपात मोठा भाऊ एकसष्टचा आणि धाकटी बहीण ब्याऐंशीची, आणि कोणी ब्रही काढणार नाही, कारण भात तुझा आहे.

मला माझ्या आईच्या मयताला पेटीबंद साबण नको आहे. म्हणून करते. तुझी पावडर घातलेली नाही, ती मोरीत गेली. नदीकाठची पांढरी माती आणली आहे, तीन वेळा गाळून. पामच्या बियांचं फिकं तेल, विकतचा कॉस्टिक सोडा. न्यार्को मावशी आणि आवारातल्या बायका दिवसभर गोळे वळायला येतात. गोळे चांगले झाले आहेत. गुळगुळीत, पांढरे, एकसारखे. तुझ्या साहेबांना आवडतील. ते अत्तर घातलेलं नाही. गुलाब असो की आणखी काही, फवाऱ्याचा वास आईच्या साबणाला येणार नाही.

बायका काम करताना बोलत नाहीत. एरवी यांची तोंडं बंद करायला मिरच्यांची धुरी द्यावी लागते.

साबण बारा तारखेला, शनिवारी सकाळी मंडपात पोचेल. वाटायला मी स्वतः उभी राहीन.

आचिया


दोमेआब्रा, ३ नोव्हेंबर १९९६

अंपोफो,

तुझं पत्र आलं. "चेटकीण" हा शब्द तू तीनदा लिहिला आहेस, एकदा चुकीचा. असो.

तू म्हणतोस, पाद्रीबाईंचा फोन आला. साहेबांच्या बंगल्यावरून विचारणा झाली. मामाच्या धाकट्या बायकोने तर झिजलेला गोळा आणून त्याच्या ताटाशेजारी आपटला. सगळीकडे एकच तक्रार: चारपाच आंघोळींपर्यंत साबण पांढरा होता, मग आतून लाल माती निघाली. आणि सगळीकडे एकच प्रश्न: दुफीबाई नक्की किती वर्षांच्या होत्या? लाल मातीचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही, अंपोफो. पाद्रीलाही नाही, त्याचीही आजी कोणीतरी पुरली आहे.

होय, मी केलं. पांढरा म्हणालास, पांढरा दिला, पण वरून. नखाएवढा जाड थर. आत आईच्या कढईतला लाल साबण, जसा अंड्यात बलक असतो तसा. सोपं नव्हतं बरं का. पहिला घाणा आम्ही लाल लाकडाच्या भुकटीने रंगवला, तर एका रात्रीत रंग बाहेर फुटला, सगळे गोळे गुलाबी पडले. न्यार्को मावशी कपाळावर हात मारून म्हणाली, "दुफी असती तर दोघींना बदडलं असतं. माती घ्या माती!" मग ओढ्याकाठची माती आणली, आई घालायची तीच. ती जागची हलली नाही. बायका गप्प का होत्या ते आता कळलं असेल. सगळ्यांना ठाऊक होतं. तुझ्या मामाची धाकटी बायकोही वळायला होती, ताटाशेजारी आपटण्याचं सोंग बरं वठवलं तिने.

तू विचारतोस, "असं करून तुला काय मिळालं? माझी अब्रू घालवलीस एवढंच ना?" तुझ्या अब्रूसाठी मी एवढ्या बायकांना उन्हात बसवलं असतं होय? अरे, त्या शनिवारी मंडपात कोणी रडलं नाही. मी पाहत होते. पांढऱ्या बुटांची वाजंत्री, भाताचे टोप, तू पाहुण्यांच्या पाठी थोपटत फिरत होतास. मला रडायला आलं तर मामीने कोपर मारलं, "अगं, आनंदाचं आहे." आई जमिनीत गेली आणि तिच्यासाठी एका माणसाच्या डोळ्याला पाणी आलं नाही. त्याच्याएवढं घाण दृश्य मी आयुष्यात पाहिलेलं नाही, त्या गॅरेजातसुद्धा नाही.

आता निरोप यायला लागले आहेत. कुमासीची कापडवाली, जिला आई दर महिन्याला साबण पोचवायची, तिने सांगून पाठवलं आहे की न्हाणीत हातावरून लाल पाणी वाहिलं तशी ती ओल्या अंगाने स्टुलावर बसली आणि दुपारपर्यंत उठलीच नाही. गोआसोच्या शाळेतले जुने मास्तर आपण होऊन आले. म्हणाले, "मला वाटलंच होतं. ती माझ्याहून धाकटी." उभ्या उभ्या रडले आणि गेले. तुझ्या पाद्रीबाईंनी तुला फोन केला, पण मला त्यांनी चिठ्ठी पाठवली आहे. त्यात काय आहे ते तुला सांगणार नाही. माझ्या आईसाठी लोक आता रडत आहेत, अंपोफो. घरोघरी, एकेकटे, आंघोळ करताना. मंडपात जे झालं नाही ते आता होतं आहे, आणि ते तुला कडी लावून बंद करता येणार नाही.

आता तुझा शेवटचा मुद्दा. तू लिहितोस, "मी स्वतः माझा गोळा रोज वापरतो आहे. अर्ध्याहून जास्त झिजला. लालचा एक थेंब नाही. म्हणजे तू सगळ्यांत घातलं नाहीस, मुद्दाम निवडून काही लोकांनाच दिलंस, हे मी सिद्ध करून दाखवीन."

कर सिद्ध. निवडून दोनच दिले आहेत. एक वहिनीचा. तिने मागितला होता तसा, बाहेरून आतपर्यंत लाल. तिने तो पिठाच्या डब्यात ठेवला आहे, शोधू नकोस.

दुसरा तुझा. तुला मी स्वतः हातात दिला होता, सगळ्यांसमोर, आणि तू साहेबांकडे बघत तो खिशात टाकलास. तो मी शेवटी वळला, वेगळ्या मडक्यात, हात स्वच्छ धुऊन, चुकून एक कणही जाऊ नये म्हणून. लाल माती रडणाऱ्याची असते. तुझ्या गोळ्यात ती नाही. सुरीने कापून बघ, उन्हात धरून बघ. तू पांढरा मागितलास, तुझा आतपर्यंत पांढरा आहे. संपेपर्यंत धूत राहा.

आचिया